रानडुकरासमोर ‘हजर’

बाण सोडताना मी ‘हजर’ म्हणायचो. मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत, पण म्हणायचो. रेंजवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकू जायचं आणि त्याला वाटायचं, हा काहीतरी मंत्र पुटपुटतोय. भारतातून आलेल्या माणसाने धनुष्य हातात घेतलं की लोकांना मंत्र अपेक्षितच असतो. मी खुलासा करत बसलो नाही, कारण खुलासा मंत्राहून फारच साधा होता.

आमच्या तालुक्याच्या गावी, शाळेत, मी अतिशय बुजरा होतो. माझा हजेरीचा नंबर सतरा. दहा-अकरा पुकारले की छाती धडधडायला लागायची आणि सतरा आला की आवाजच फुटायचा नाही. वर्गात बसलेला असूनही मी गैरहजर लागायचो. चौथीच्या गुरुजींनी मला एक युक्ती शिकवली. “तुझ्या आधीचा नंबर आला की पोटभर श्वास घे. अर्धा सोड. थांब. आणि उरलेल्या श्वासावर ‘हजर’ म्हण. मी थांबतो.” आणि ते खरोखर थांबायचे, पेन उचलून, माझ्याकडे न बघता, म्हणजे मला लाज वाटू नये. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी इंजिनियर झालो, सिंगापूरला नोकरीला आलो, वुडलँड्समधल्या फ्लॅटमध्ये संसार थाटला. या सगळ्यात त्या थांबलेल्या पेनाचा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. पुढे तोंडी परीक्षा असो, नोकरीची मुलाखत असो, साहेबांसमोर काही मांडायचं असो, मी तोच श्वास घेत आलो.

कंपनीची एक सहल धनुर्विद्येच्या रेंजवर गेली तेव्हा तिथे शिकवणाऱ्या वयस्क गृहस्थांनी सांगितलं, “पूर्ण श्वास घ्या, अर्धा सोडा, थांबा, मग बाण सोडा.” माझ्या अंगाला हा क्रम पाठ होता. राहिलेला शब्द त्याने आपणहून जोडला. बाण समोरच्या फोमच्या रानडुकराच्या बरोबर खांद्यामागे बसला. माझ्या टीममधले लोक ओरडले. मी पुढच्या शनिवारी एकटाच परत गेलो.

ते वयस्क गृहस्थ म्हणजे अंकल. इथे वयाने मोठ्या माणसाला अंकल म्हणायची रीतच आहे. पण हे निवृत्त डेंटिस्ट आहेत असं कळल्यावर मी त्यांना ‘डॉक्टर’ म्हणायला लागलो. त्यांनी मला अडवलं.

“डॉक्टर म्हटलं की लोक तोंड उघडतात. मला आता कुणाचं तोंड बघायचं नाही. अंकल कॅन लाह.” ‘कॅन’ म्हणजे चालेल, जमेल; ‘लाह’ हे इथल्या इंग्रजीचं शेपूट.

अंकल चिनी, जन्माने सिंगापूरचे, आणि धनुष्याने शिकार करणारे. सिंगापुरात अर्थातच शिकारीला बंदी आहे. पण ते तरुणपणी ऑस्ट्रेलियात शिकले होते आणि तिथल्या एका वर्गमित्राचं उत्तरेकडे गुराढोरांचं भलंमोठं कुरण आहे. त्या कुरणाला रानटी डुकरांचा आणि हरणांचा उपद्रव. दरवर्षी थंडीत अंकल तिथे जायचे. शिकारीचे धारदार बाण तिथल्याच कपाटात असायचे. इथे रेंजवर बोथट टोकाचे.

अंकलच्या सवयी मी आधी नवलाने पाहिल्या आणि नंतर हळूहळू उचलल्या. त्यांच्या शर्टाच्या खिशात दातांच्या डॉक्टरांचा तो लांब दांडीचा छोटासा आरसा असायचा. मान न वळवता मागे बघायला. पँटच्या खिशात पावडरची डबी. दर थोड्या वेळाने चिमूटभर उडवायची आणि वारा कुठे जातो ते बघायचं. हे ते शिकारीतच करायचे असं नाही, हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांवर, टेबल निवडतानाही करायचे. “तळणाचा धूर आपल्यावर नको,” म्हणायचे, आणि पावडर शेजारच्या बाईच्या नूडल्सवर जायची. शिकारीला निघण्याआधी काही दिवस लसूण बंद, उग्र वासाचं ड्युरियन फळ बंद, वासाचा साबण बंद. शिकारीची टोपी त्यांनी कधीच धुतली नव्हती. आणि सगळ्यात महत्त्वाची सवय म्हणजे टाळूला जीभ लावून काढलेला ‘टक्’ असा आवाज. चालत्या जनावराने हा आवाज ऐकला की ते क्षणभर थांबतं, कान टवकारतं, आणि तेवढ्या क्षणात बाण सोडायचा. उभ्या जनावरासमोर मात्र श्वासाचाही आवाज नको. ते थेट पळतं.

गेल्या वर्षी अंकलच्या आयुष्यात तीन गोष्टी एकदम घडल्या. त्यांचा नेहमीचा शिकारीचा सोबती मुलाकडे कॅनडाला कायमचा निघून गेला. त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं, आणि सर्जनने स्पष्ट सांगितलं की त्यानंतर शिकारीचं धनुष्य विसरा. आणि त्यांना कवळी बसली.

त्यातली कवळी त्यांना सगळ्यात जास्त लागली. “आयुष्यभर लोकांना कवळ्या बसवल्या,” ते कॉफीच्या कपात बघत म्हणाले, “आणि प्रत्येकाला सांगितलं, महिन्याभरात सवय होईल. काय खोटारडा माणूस होतो मी!”

ऑपरेशनच्या आधी त्यांना एकदा, शेवटचं, कुरणावर जायचं होतं. त्यांच्या मुलीची एकच अट होती: एकट्याने जायचं नाही. सोबती मिळाला नाही तर बेत रद्द. रेंजच्या क्लबात बाण मारणारे पुष्कळ, पण सगळे स्पर्धेवाले. डुकरामागे काट्याकुट्यांत बसायला कोणी तयार नव्हतं. मी तयार होतो. मी नुसता तयार नव्हतो, मला ते माझं भाग्य वाटत होतं.

“तू कॅन,” अंकल म्हणाले, “पण आधी परीक्षा. मला सोबतीला दगड पाहिजे. दगड बोलत नाही, दगडाला वास येत नाही.”

परीक्षा सिंगापुरातच होती, आणि शस्त्राशिवाय. वुडलँड्सपासून फार लांब नाही, फ्लॅटच्या रांगा संपतात आणि रान सुरू होतं, तिथे संध्याकाळी रानडुकरं बाहेर येतात. त्यांच्या जवळ जाऊ नका, त्यांना खायला घालू नका, असा फलकच लावलेला आहे. आम्ही लाकडी पायवाटेच्या कठड्याआड घडीच्या स्टुलांवर बसायचं. डुकरं आली की अंकल बोटाने खूण करणार, मी रिकाम्या हातांनी धनुष्य ओढल्याचा अभिनय करणार आणि बाण सोडल्याचा अभिनय करणार. डुकराला आमचा पत्ता लागला नाही तर मी पास.

मी परीक्षार्थी माणूस आहे. कपडे बिनवासाच्या साबणाने दोनदा धुतले आणि स्वयंपाकघरामागच्या यार्डात, म्हणजे धुण्याच्या कोपऱ्यात, खिडकीबाहेर काठीवर वाळत घातले. अंघोळही नुसत्या पाण्याने केली. माझ्या मुलीने नाक धरलं.

आम्ही बसलो. अंकलनी पावडर उडवली. वारा आमच्याकडून रानाकडे. ते कपाळाला आठी घालून जागा बदलणार, इतक्यात झाडीतून एक मोठी डुकरीण निघाली, मागे पट्ट्यापट्ट्यांची चार-पाच पिल्लं. तिने नाक वर केलं. आता ती पळणार म्हणून मी श्वास रोखला. ती पळाली नाही. ती सरळ माझ्या दिशेने चालायला लागली. नाक हलवत, घाईघाईने, लग्नाच्या पंगतीला उशीर झाल्यासारखी. पिल्लंही मागोमाग.

“उठ,” अंकल आवाज न करता म्हणाले. “हळू. मागे सर.”

आम्ही स्टुलं उचलून पाठ न दाखवता मागे सरकत गेलो. डुकरीण कठड्यापर्यंत येऊन माझी जागा हुंगत उभी राहिली. बऱ्याच अंतरावर आल्यावर अंकलनी माझी बाही धरून नाकाशी नेली.

“तू कपडे घालून आलायस की जेवण घालून?”

मी बाही हुंगली आणि मलाही कळलं. शनिवारी दुपारी घरात सुकट केली होती. लसणाची फोडणी, हिंग, वर सुकट; आणि ज्या खिडकीतून तो सगळा धूर बाहेर जातो तिच्याच तोंडाशी माझे दोनदा धुतलेले कपडे.

घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

“अहो, म्हणजे तुमच्या डुकरासाठी मी फोडणी बंद करू?”

“बंद नाही गं. फक्त शनिवारी...”

“शनिवारीच बाजारातून सुकट येते.” लाटणं पुन्हा सुरू झालं. “आणि पळाली का ती? आली ना? इथे येऊन इतकी वर्षं झाली, माझ्या सुकटीचं कौतुक करायला पहिल्यांदा कोणीतरी आपल्या पायाने आलं. तुम्ही पळालात!”

मुलगी सोफ्यावरून म्हणाली, “बाबा, द पिग इज युअर फॅन लाह.”

बायकोची थट्टा म्हणजे होकार असतो, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी झाकणाचा एक मोठा प्लास्टिकचा डबा घरात आला. त्यात माझे कपडे, वर रानातून आणलेली वाळकी पानं. डबा मुलीच्या खोलीत, स्वयंपाकघरापासून सगळ्यात दूर. डब्यावर तिने चिठ्ठी चिकटवली: डुकराची शाळा, हात लावू नये.

दुसऱ्या परीक्षेला वासाचं संकट टळलं. वाराही रानाकडून आमच्याकडे होता. एकच तरणा नर बाहेर आला आणि आडवा उभा राहून माती उकरायला लागला. तो ज्या पद्धतीने नाकाने ढेकळं उलथत होता, ते पाहून मला आमच्या रानातला भुईमूग आठवला. लहानपणी डुक्कर मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. सकाळी शेतात जाऊन त्याने केलेलं पाहायचं, वेल उलटे, शेंगा फस्त, आणि वडील कंबरेवर हात ठेवून उभे. वडील म्हणायचे, “पाहुणा जेवून गेला. ताट तेवढं ठेवून गेला.”

अंकलनी बोट उचललं. मी रिकामे हात ओढले. श्वास भरला, अर्धा सोडला, थांबलो, बोटं उघडली.

“हजर.”

डुकराने मान वर केली आणि ते एका उडीत झाडीत नाहीसं झालं.

अंकलनी खिशातला आरसा काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला. “हे बघ. हे बंद ठेवायचं. तुझ्या बाणात काही दोष नाही. दोष इथे आहे.”

मग कॉफी पिताना त्यांनी शांतपणे सांगितलं. आता त्यांनी हलकं धनुष्य घेतलं होतं, कारण खांदा जड धनुष्य ओढू देत नाही. हलकं धनुष्य म्हणजे जनावर अगदी जवळ पाहिजे. जवळ म्हणजे त्याला सगळं ऐकू येणार. “आणि मी दिवसातून एकदाच ओढू शकतो. दुसऱ्यांदा खांदा ऐकत नाही. तेवढ्यात तू बोललास तर माझी शेवटची शिकार पळाली.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. “तुला सोडून दुसरा कोणी नाही. पण तू असा असलास, तर कोणी नसलेलं बरं. मुलीला सांगतो, रद्द.”

मी त्यांचा हात धरला. इथे असं कोणी करत नाही, तेही गोंधळले. मी म्हणालो, “अंकल, मला वेळ द्या. मी अभ्यास करतो.”

“हा अभ्यासाचा विषय आहे?”

“माझ्यासाठी सगळाच अभ्यासाचा विषय असतो, अंकल.”

अभ्यास मी खरंच केला. रेंजवर दातांत रुमाल धरला. रुमालातून ‘हंहं’ ऐकू आलं. पेपरमिंट ठेवून पाहिलं. ते गिळलं गेलं आणि मला ठसका लागला. बायकोने सुचवलं, “तोंडात पाण्याची चूळ धरा. माणूस चूळ भरून बोलेल कसा?” सल्ला मला शास्त्रशुद्ध वाटला. पुढच्या शनिवारी मी चूळ धरली, धनुष्य ओढलं, अर्धा श्वास सोडला, थांबलो, आणि बाणाबरोबरच पाण्याचा फवारा शेजारच्या ओळीतल्या बाईंच्या बाणांच्या भात्यावर गेला. त्या फार सभ्य होत्या. म्हणाल्या, “इट्स ओके,” आणि दोन ओळी सोडून उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी मी घरी तोंड पाडून बसलो होतो. बायको भाजी निवडत होती. तिने विचारलं, “नक्की कुठे शब्द निघतो?”

मी उठून करून दाखवलं. ती विचार करत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही बाण सोडत नाही. तुम्ही हजेरी देताय. कोणीतरी आत पुकारतंय आणि तुम्हाला भीती वाटते, गप्प बसलो तर गैरहजर लागेल.”

इतकी वर्षं मलाही ते कळलं नव्हतं.

“मग तेच करू,” ती म्हणाली. “मी पुकारते. तुम्ही गप्प बसायचं.”

आणि आमच्या घरात हजेरी सुरू झाली. वेळ-काळ नाही. मी दाढी करत असलो, बूट घालत असलो, जेवत असलो, की स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज: “नंबर सतरा!” माझा श्वास आपोआप भरायचा, अर्धा सुटायचा, आणि तोंडून शब्द निघायचा. मुलगी आनंदाने ओरडायची, “फेल लाह!” सुरुवातीला मी रोज नापास. एकदा लिफ्टमध्ये बायकोने हळूच पुकारलं आणि मी सगळ्या शेजाऱ्यांसमोर ‘हजर’ म्हणालो. चौथ्या मजल्यावरच्या मलय आजी तेव्हापासून मला हसून ‘हाजार’ म्हणतात. त्यांना तो नमस्कार वाटतो.

मग एका रविवारी मी वरणभात कालवत होतो. “नंबर सतरा!” मी श्वास भरला. अर्धा सोडला. थांबलो. आणि घास तोंडात घातला.

बायकोने दारातून डोकावून पाहिलं. मुलगी वाट पाहत होती. मी घास चावत होतो.

“ॲब्सेंट?” मुलीने विचारलं.

“नाही,” बायको म्हणाली. “हजर आहेत. नुसते बसलेत.”

मला एवढं हलकं वाटलं की सांगता येत नाही. न बोलताही माणूस वर्गात असतो, हे मला संसाराला लागल्यावर, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये, वरणभातासमोर कळलं. गुरुजींनी मला बोलायला शिकवलं. गप्प बसण्याचा धडा बायकोने घेतला. दोघांचा मी ऋणी आहे.

तिसऱ्या परीक्षेला डुकरीण पिल्लांसकट आमच्यासमोर हवा तेवढा वेळ चरली. मी ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. अंकलनी आरशातून माझं तोंड पाहिलं. बंद होतं. आम्ही ऑस्ट्रेलियाची तिकिटं काढली.

कुरणावरचे पहिले दोन दिवस हरणांत गेले. ती हरणं पाहून मी चकितच झालो. चितळ! अंगावर पांढरे ठिपके, थेट आपल्याकडचं. वर्गमित्राने सांगितलं, फार पूर्वी कोणीतरी भारतातून आणली आणि ती इथे वाढली. मला त्यांच्याविषयी एकदम आपुलकी वाटली. माझ्यासारखीच आलेली, फक्त कामाचा पास न काढता. पण ती आपुलकी एकतर्फी होती. शंभर डोळे आणि शंभर कान. आम्ही गवतात नुसतं टोपीचं टोक वर केलं तरी एक मादी शीळ घालायची आणि सगळा कळप टेकडीपल्याड. अंकलना धनुष्य ओढायची वेळच आली नाही. संध्याकाळी ते खांद्याला बर्फ लावून बसायचे आणि म्हणायचे, “छान दिवस होता.” पण जेवणात त्यांचं लक्ष नसायचं.

तिसरा दिवस शेवटचा. दुपारी आम्ही एका कोरड्या ओढ्याच्या काठाला बसलो. काठ सगळा उकरलेला, आमच्या भुईमुगासारखा. अंकल झाडाला टेकून, मी त्यांच्या मागे हातभर. अंकलनी आरसा काढून मागे पाहिलं, मला पाहिलं, आरसा ठेवला. वारा आमच्या तोंडावर येत होता.

तेव्हा तो आला. ओढ्याच्या पात्रातून, काळा, मोठा, कानाला चीर गेलेला नर. घाईत नव्हता, पण थांबतही नव्हता. बाजाराहून घरी निघालेल्या माणसासारखा एका चालीत. आमच्यासमोर दोन झाडांमध्ये एकच मोकळी फट होती. तो त्या फटीतून जाणार होता.

अंकलनी धनुष्य ओढलं. मला त्यांच्या खांद्याचा आवाज ऐकू आला, लाकूड करकरावं तसा. चेहरा वाकडा झाला, पण दोरी गालापर्यंत आली आणि हात स्थिर झाला. डुक्कर फटीत शिरलं. चालत्या जनावरावर अंकल बाण सोडत नसत, जखमी होऊन जाईल म्हणून. ते थांबायला हवं होतं. अंकलनी जीभ टाळूला लावली.

‘फुस्.’

कवळी. टाळूच्या जागी आता प्लास्टिक होतं. अंकलनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा ‘फुस्’, पावावर लोणी लावल्यासारखा. डुकराने लक्षसुद्धा दिलं नाही. त्याचं नाक दुसऱ्या झाडामागे गेलं, मग डोळा. आणखी दोन पावलं आणि खांदाही जाणार. अंकलचा हात थरथरायला लागला. मला माहीत होतं, ही दोरी एकदा सुटली की पुन्हा ओढली जाणार नाही. आज नाही, आणि नंतर कधीच नाही.

मला कोणी पुकारलं नव्हतं. मी श्वास भरला, अर्धा सोडला, थांबलो.

“हजर.”

डुक्कर थांबलं. चिरलेला कान आमच्याकडे वळला. खांदा अजून फटीत होता. बाण सुटल्याचं मला दिसलं नाही, डुकराने उसळी घेतल्याचं दिसलं, मग झाडीतला धडधडाट, आणि मग काहीच नाही.

अंकलनी धनुष्य मांडीवर ठेवलं. आम्ही बराच वेळ तसेच बसलो, त्यांचा तो नियमच होता. मग आम्ही ओढा ओलांडला. ते फार दूर गेलं नव्हतं. अंकल त्याच्याजवळ गुडघ्यावर बसले, ती कधीही न धुतलेली टोपी काढली आणि त्याच्या पाठीवर डावा हात ठेवला. उजवा वर होत नव्हता. मीही बसलो. हात जोडले.

“तू बोललास,” अंकल म्हणाले.

“हो, अंकल. सॉरी.”

“चालत्यासमोर बोललास. उभ्यासमोर नाही.” त्यांनी टोपी घातली. “कॅन.”

त्या रात्रीच्या जेवणात मी बॅगेच्या तळाशी, पिशवीत पिशवी करून ठेवलेला काळा मसाला बाहेर काढला. अंकलना मांस चावलं गेलं नाही, पण रस्सा त्यांनी तीनदा घेतला. वर्गमित्राने विचारलं, हा वास कसला? अंकल म्हणाले, “सिंगापूरची डुकरं या वासामागे चालत येतात.”

अंकलचं ऑपरेशन आता होऊन गेलंय. हात अजून झोळीत असतो, पण शनिवारी ते रेंजवर येतात, डाव्या हाताने पावडर उडवतात, नव्या मुलांना उभं कसं राहायचं ते दाखवतात आणि मध्येच स्टुलावर बसून त्या शेवटच्या डुकराची गोष्ट सांगतात. गोष्ट दर शनिवारी थोडी पुढे सरकते. डुक्कर वाढलंय, ओढा रुंद झालाय. परवा मी धनुष्य पुसत होतो आणि कानावर आलं, “...तेवढ्यात मी जिभेने असा आवाज केला, टक्! आणि ते जागच्या जागी उभं!”

“पण अंकल, आता तर येत नाही हा आवाज,” एका मुलीने विचारलं. “तुमच्या कवळीमुळे.”

“तेव्हा आला,” अंकल म्हणाले. “अगदी स्पष्ट आला. याला विचार, हा तिथे होता.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंकलही बघत होते, आरशाशिवाय, थेट.

मी पोटभर श्वास घेतला. अर्धा सोडला. थांबलो. आणि मान डोलावली.